स्टँडवरचा पहिला फ्लॅश घेताना: आधी सिंक स्पीड समजून घ्या, मग खरेदी करा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे लग्नाची कामं नव्यानं घेणाऱ्या मुलांच्या फोटोंत एक दोष पुन्हा पुन्हा दिसतो. नवरीचा चेहरा छान उजळलेला असतो, पण साडीचे काठ आणि पाय अंधारात असतात. फ्लॅश कमी ताकदीचा आहे असं समजून मुलं दुसरा, महागडा फ्लॅश घेतात आणि त्यातही तेच होतं. हा दोष बहुतेक वेळा फ्लॅशचा नसतो. शटर स्पीड कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेच्या वर गेलेला असतो.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर कंपनीचा टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलून ताकद आपोआप ठरवणारा, फ्लॅश असतो तेव्हा त्याची ओळख कॅमेऱ्याला पटते आणि कॅमेरा शटर स्पीड आपोआप मर्यादेत अडवून ठेवतो. स्वस्त मॅन्युअल फ्लॅश एका पिनेच्या ट्रिगरवर (कॅमेऱ्यावर बसवून दूरचा फ्लॅश रेडिओनं पेटवणाऱ्या यंत्रावर) लावला की कॅमेऱ्याला फ्लॅश आहे हेच कळत नाही. मग तुम्ही १/५००, १/१००० काहीही लावा, तो अडवत नाही. ती जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका, आणि पहिला टप्पा झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

## टप्पा १: आपल्या कॅमेऱ्याची मर्यादा शोधा

शटरमध्ये दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून झाकत येतो. वेग कमी असेल तर पहिला पूर्ण उघडल्यावर आणि दुसरा निघण्याआधी काही क्षण अख्खा सेन्सर उघडा असतो. फ्लॅशचा झोत त्याच क्षणात पडायला हवा. वेग वाढवला की पहिला पडदा पोचण्याआधीच दुसरा निघतो, सेन्सरवर नुसती एक फट सरकत जाते आणि फ्लॅशचा प्रकाश त्या फटीपुरताच पोचतो. अख्खा सेन्सर उघडा राहतो असा सगळ्यात जलद वेग म्हणजे सिंक स्पीड.

आपल्याकडे जास्त वापरात असलेल्या कॅमेऱ्यांचे आकडे असे: कॅनन १५००डी १/२००, ९०डी १/२५०, ६डी १/१८०. निकॉन डी३५०० आणि डी५६०० १/२००, डी७५०० १/२५०. सोनी ए६४०० १/१६०, ए७ थ्री १/२५०. तुमचं मॉडेल यात नसेल तर माहितीपुस्तिकेत ‘फ्लॅश सिंक’ किंवा ‘एक्स सिंक’ या नावाखाली बघा.

कागदावरचा आकडा मिळाला तरी घरी चाचणी घ्याच. रेडिओ ट्रिगरला स्वतःचा थोडा वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्षातली मर्यादा कधी कधी एक पायरी खाली असते. स्वतःचा फ्लॅश अजून नसेल तर मित्राचा फ्लॅश आणि ट्रिगर तासाभरासाठी मागून आणा.

चाचणी अशी घ्या:

1. रात्री खोलीतले दिवे बंद करा. कॅमेरा साध्या, फिक्या भिंतीसमोर आडवा धरा.
2. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, फ्लॅश १/४ ताकदीवर.
3. १/१२५, १/१६०, १/२००, १/२५०, १/३२० असे एकेक फोटो घ्या.
4. प्रत्येक फोटोची खालची कड मोठी करून बघा.

बहुतेक कॅमेऱ्यांत काळी पट्टी आधी खालच्या बाजूला उमटते. कॅमेरा उभा धरला असेल तर ती डाव्या किंवा उजव्या कडेला येते. पट्टीचा मागमूस नसलेला सगळ्यात जलद वेग कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटवा.

सावधान: दिवसा बाहेर ही पट्टी काळी दिसत नाही. उन्हाचा प्रकाश तो भाग भरून काढतो, त्यामुळे तिथे फक्त फ्लॅश न पोचल्यासारखं वाटतं. साडीचे काठ अंधारात जातात ते असे. म्हणून चाचणी अंधारातच घ्यायची.

तपासा: कॅमेऱ्यात सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक मॉडेलांत फ्लॅश पेटतच नाही. चाचणीआधी ते बंद करा.

## टप्पा २: हॉटशू बघा

हा टप्पा वगळल्यामुळे खरेदी केलेला ट्रिगर परत करायची वेळ येते. कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्याच्या खाचेत, म्हणजे हॉटशूच्या मधोमध, एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो. साधे स्वस्त ट्रिगर फक्त या ठिपक्यावर चालतात. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या मॉडेलांत तो ठिपका नाही. आपल्या भागात नवशिक्यांच्या हातात नेमके हेच कॅमेरे जास्त असतात. त्यांना कॅननसाठीच बनवलेला, बाकीच्या पिनांवरून बोलणारा ट्रिगर लागतो, आणि तोही तुमच्या मॉडेलला चालतो याची खात्री करून घ्यावा लागतो. कॅनन आर५० वर तर नव्या पद्धतीचा शू आहे. त्यावर नेहमीचा फ्लॅश किंवा ट्रिगर लावायला कंपनीचा एडी-ई१ अ‍ॅडॉप्टर मध्ये घालावा लागतो. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरा.

ठिपका असेल तर वाट मोकळी आहे.

सावधान: वडिलांच्या किंवा काकांच्या कपाटातला रोलच्या काळातला फ्लॅश थेट आजच्या कॅमेऱ्यावर लावू नका. त्यांतल्या काहींच्या पिनेवर शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि त्यानं कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

## टप्पा ३: काम कुठलं, ते ठरवा

बजेट कमी असताना सगळ्या कामांना चालेल असा फ्लॅश शोधत बसू नका. तुमचं जास्त काम यांतलं कुठलं, एवढंच ठरवा.

कार्यालयातलं लग्न. इथे सिंक स्पीडची अडचण जवळजवळ येतच नाही. आयएसओ ८००, एफ/४, १/१०० वर काम होतं आणि फ्लॅश १/१६ ताकदीवरही पुरतो. इथे महत्त्वाचा आहे तो फ्लॅश पुन्हा भरायला लागणारा वेळ. अक्षता पडायला लागल्या की दोन फोटोंमध्ये तीन सेकंद थांबायची सोय नसते.

दुपारचं उन्हातलं काम. राजहंसगडावरचं प्री-वेडिंग, अंगणातली हळद, शेतातले फोटो. सिंकची खरी कसोटी इथे लागते.

रात्रीची मिरवणूक. शिवजयंतीचे चित्ररथ, गणपती विसर्जन, लेझीम. ताकद कमी चालते, पण रेडिओ भरवशाचा हवा. ऑप्टिकल पद्धतीवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटणाऱ्या व्यवस्थेवर इथे विसंबू नका. गर्दीतल्या प्रत्येक फोटोग्राफरच्या फ्लॅशबरोबर तुमचाही पेटेल आणि तुमच्या वेळी तो भरत बसलेला असेल.

## टप्पा ४: उन्हाचा हिशेब करा

या टप्प्यावर जास्त वेळ द्या, कारण पैसे इथेच वाचतात.

स्वच्छ उन्हात, आयएसओ १०० वर, १/१०० आणि एफ/१६ हे साधारण बरोबर एक्स्पोजर असतं. शटर १/२०० केला तर एफ/११. तुमची मर्यादा १/२०० असेल तर त्यापलीकडे शटर जाणार नाही, म्हणजे एफ/११ पेक्षा मोठं अ‍ॅपर्चर उघडता येणार नाही. त्या एफ/११ वर चेहरा उजळवायचा तर फ्लॅशलाही तितकीच ताकद लावावी लागते.

आता फ्लॅशची ताकद बघा. बऱ्याच फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, ६० लिहिलेला असतो. तो आयएसओ १०० वर, फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटर झूमला, म्हणजे झोत अगदी अरुंद करून मोजलेला असतो. गाइड नंबरला अंतरानं भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं. त्या हिशेबानं ६० भागिले ११, म्हणजे साडेपाच मीटरपर्यंत फ्लॅश पुरायला हवा. पण झोत पसरवला की आकडा बराच खाली येतो आणि छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला की आणखी दीड-दोन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला). शेवटी भर उन्हात छत्रीतला एक फ्लॅश पूर्ण ताकदीवर जेमतेम दीड मीटरपर्यंत पोचतो. नवरा-नवरी दोघं उभी आणि गडाची तटबंदीही फ्रेममध्ये हवी असेल, तर स्टँड इतका जवळ ठेवता येत नाही.

यावर तीन वाटा आहेत. मी त्या याच क्रमानं वापराव्यात असं सांगेन.

पहिली वाट: माणसांना सावलीत न्या. मोकळ्या सावलीत प्रकाश तीन स्टॉपच्या आसपास कमी असतो. १/२०० आणि एफ/४ वर काम होतं आणि फ्लॅशला आठपट कमी ताकद लागते. दुपारी बाराला राजहंसगडाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहण्यापेक्षा तटाच्या सावलीचा कोपरा शोधा, किंवा पार्टीला सकाळी साडेसातला बोलवा. याला एक पैसा लागत नाही.

दुसरी वाट: एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कापणारी गडद काच. तीन स्टॉपचा एनडी लावला की एफ/११ च्या जागी एफ/४ उघडता येतं, शटर १/२०० वरच राहतो. मागची टेकडी धूसर होते. मात्र हा फिल्टर फ्लॅशचा प्रकाशही तितकाच कापतो. अ‍ॅपर्चर उघडलं म्हणून फ्लॅशची ताकद वाचली असं होत नाही, ती पूर्वीइतकीच लागते.

तिसरी वाट: एचएसएस, म्हणजे हाय स्पीड सिंक. यात फ्लॅश एक मोठा झोत टाकण्याऐवजी फट सरकत असते तेवढा वेळ बारीक बारीक झोत लागोपाठ टाकतो. त्यामुळे १/१००० ला सुद्धा पट्टी येत नाही. किंमत मोजावी लागते ती ताकदीत. एचएसएस चालू करताच दोन स्टॉपच्या आसपास प्रकाश जातो आणि नंतर शटर दुप्पट केला की फ्लॅशचा प्रकाश आणखी निम्मा होतो. छोटा फ्लॅश लवकर तापतो, भरायला वेळ लावतो. फक्त चेहऱ्याचा जवळचा फोटो, फ्लॅश हातभर अंतरावर आणि छत्री काढलेली, एवढ्यासाठी हे ठीक आहे. एचएसएस घेतल्यावर दुपारचं ऊन हरवता येईल या समजुतीनं पैसे घालू नका.

## टप्पा ५: फ्लॅश निवडा

आता निवड सोपी होते.

फक्त कार्यालयं आणि रात्रीची कामं असतील तर रेडिओ आतच असलेला साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो. योंगनुओचा वायएन५६० फोर या प्रकारातला. यात एचएसएस नाही.

उन्हातलंही काम असेल तर गोडॉक्सचा टीटी६०० बघा. तोही मॅन्युअल आहे, पण गोडॉक्सच्या एक्स प्रणालीचा टीटीएल ट्रिगर कॅमेऱ्यावर लावला की, कॅमेऱ्यातही एचएसएसची सोय असेल तर, स्टँडवर असताना एचएसएस देतो. थेट कॅमेऱ्यावर लावला तर देत नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण फ्लॅश खराब आहे म्हणून परत करतात.

टीटीएल असलेला फ्लॅश पहिल्या खरेदीत घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. स्टँडवरचा फ्लॅश जागचा हलत नाही, अंतर बदलत नाही, मग ताकद एकदा हातानं लावली की ती फोटोगणिक तशीच राहते. टीटीएलमध्ये नवऱ्याचा पांढरा फेटा फ्रेममध्ये आला की चेहरा काळवंडतो आणि काळी शेरवानी आली की चेहरा जळतो. वाचलेल्या पैशांत स्टँड आणि बॅटरी घ्या.

ट्रिगर मात्र स्वस्तातला स्वस्त घेऊ नका. फ्लॅश पुढे आणखी घ्याल, ट्रिगर तोच राहील. ट्रिगरवरूनच फ्लॅशची ताकद कमी-जास्त करता येते का ते विचारा. मांडवात पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढत स्टँडपर्यंत जाणं दर वेळी शक्य नसतं. टीटीएल ट्रिगर तुमच्या कंपनीच्या कॅमेऱ्याचाच हवा. कॅननचा निकॉनवर, निकॉनचा सोनीवर चालत नाही.

बॅटरी: टीटी६०० सारख्या फ्लॅशला पेन्सिल सेल चार लागतात. साधे अल्कलाइन सेल वापरले तर फ्लॅश थोड्याच वेळात रेंगाळायला लागतो. एनेलूपसारखे पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, दोन संच फ्लॅशसाठी आणि ट्रिगरसाठी वेगळे. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात काम बंद असतं तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर दमट हवेत पत्र्यांवर हिरवा थर चढतो.

## टप्पा ६: दुकानात घ्यायच्या चाचण्या

बेळगावात घ्या की कोल्हापुरात, स्वतःचा कॅमेरा आणि भरलेले सेल सोबत न्या.

1. पूर्ण ताकदीवर लागोपाठ दहा वेळा पेटवा. शेवटच्या वेळी भरायला पहिल्यापेक्षा फार जास्त वेळ लागत असेल तर दुसरा नग मागा.
2. फ्लॅश मित्राच्या हातात देऊन त्याला दुकानाबाहेर समोरच्या फुटपाथवर उभं करा आणि ट्रिगरवरून पेटवा. वीस वेळांत एकही चुकता कामा नये.
3. तुमच्या चिठ्ठीवरच्या वेगानं भिंतीचा फोटो घ्या, खालची कड बघा.
4. ट्रिगरवरून ताकद १/१२८ पासून पूर्णपर्यंत नेऊन प्रत्येक पायरीला फोटोत फरक पडतो का बघा.

जुना फ्लॅश घेत असाल तर आधी सेलचं दार उघडा. आत हिरवट डाग, चेपलेली स्प्रिंग किंवा खाली बसवायच्या पायाला तडा दिसला तर घेऊ नका.

## टप्पा ७: कामाच्या दिवशीचा क्रम

इथे चूक होते ती फ्लॅश आधी पेटवून बघण्यात. मागचा उजेड आधी ठरवायचा, फ्लॅश नंतर.

1. फ्लॅश बंद ठेवा. ऑटो आयएसओ बंद करा, कॅमेरा एम मोडवर. बाहेर असाल तर आयएसओ १०० आणि शटर चिठ्ठीवरच्या आकड्यावरच. बाहेर शटर जितका खाली आणाल तितकं अ‍ॅपर्चर बंद करावं लागतं आणि फ्लॅशची ताकद वाया जाते.
2. अ‍ॅपर्चर फिरवा. मागचं आकाश आणि झाडं हवी तशी दिसेपर्यंत. थोडं गडद, एक स्टॉप खाली ठेवलं तर रंग चांगले येतात. या क्षणी माणसं काळी दिसतील. दिसू द्या.
3. आता फ्लॅश लावा, १/४ ताकदीपासून. कमी पडला तर आधी स्टँड जवळ आणा, मग ताकद वाढवा. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो.
4. खालची कड बघा. पहिल्याच फोटोत साडीचे काठ, पाय, जमीन मोठी करून तपासा.

पुढे बदल करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मर्यादेच्या आत शटर बदलला की फक्त मागचा उजेड बदलतो, फ्लॅशचा नाही, कारण झोत शटरच्या उघड्या वेळेपेक्षा सहसा खूप छोटा असतो. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही बदलतात. फ्लॅशची ताकद आणि अंतर फक्त फ्लॅशचा उजेड बदलतात. कार्यालयात मागची रोषणाई जास्त दिसायला हवी असेल तर शटर १/१०० वरून १/५० करा. चेहऱ्याला हात लावावा लागत नाही.

सावधान: मिररलेस कॅमेऱ्यात एक्स्पोजर प्रिव्ह्यू चालू असेल तर पडदा काळाकुट्ट दिसतो, कारण कॅमेऱ्याला फ्लॅशचा अंदाज नसतो. घाबरून शटर कमी करू नका. प्रिव्ह्यू बंद करा.

सावधान: गडावर वारा असतो. छत्री लावलेला स्टँड माणूस धरून नसेल तर पडणारच. स्टँडच्या पायाला पाण्यानं भरलेल्या बाटल्यांची पिशवी बांधा, आणि तरीही एक जण शेजारी उभा ठेवा.

## पट्टी दिसली तर

फोटोत एकच पट्टी असेल, नेहमी एकाच कडेला, आणि वेग वाढवला की ती रुंद होत असेल, तर तो सिंकचा दोष. शटर एक पायरी खाली आणा.

पट्ट्या अनेक असतील, फोटोभर पसरलेल्या आणि पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेल्या, तर तो कार्यालयातल्या एलईडी दिव्यांचा किंवा स्टेजमागच्या एलईडी भिंतीचा खेळ आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवला की दिव्यांच्या पट्ट्या बहुतेक जातात. एलईडी भिंतीला कधी कधी त्याहून खाली जावं लागतं.

पट्टी नाही, पण पूर्ण ताकदीवर खालचा भाग किंचित अंधारा दिसत असेल, तर झोत संपायच्या आत दुसरा पडदा निघतोय. छोट्या फ्लॅशचा पूर्ण ताकदीचा झोत १/३०० सेकंदाच्या आसपास चालतो, १/२५० च्या मर्यादेवर त्याची शेपटी कापली जाते. ताकद १/२ वर आणून स्टँड जवळ घ्या, किंवा शटर १/२०० वर.

अक्षता टाकणाऱ्या हातांना सावलीसारखी दुसरी कड दिसत असेल, तर उलट झालंय: हॉलमधला उजेड जास्त आणि शटर मंद. शटर मर्यादेपर्यंत वर न्या, आयएसओ कमी करा, फ्लॅशची ताकद तेवढीच वाढवा.

आणि काही फोटोंत फ्लॅश मुळीच आला नसेल, तर आधी सेल बदला, मग ट्रिगरचा चॅनल. बेळगावातल्या मोठ्या कार्यालयांत शेजारच्या हॉललाही लग्न असतं आणि तिथला फोटोग्राफर त्याच कंपनीचा ट्रिगर कारखान्यातून आलेल्या पहिल्याच चॅनलवर वापरत असण्याची शक्यता असते. सकाळी कार्यालयात पोचल्यावर चॅनल बदलून घ्या, गोडॉक्समध्ये आयडीही बदला, आणि तोच आकडा फ्लॅशवर टाकायला विसरू नका.